असिस्ट डॉट ओआरजी: कोणता कोर्स ते सांगतं, कधी घ्यायचा ते तुम्ही बघा

उदगीरला माझं मल्टिसर्व्हिसेसचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पॅन, रेल्वेचं तिकीट, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन-अडीच महिने नुसते ॲडमिशनचे फॉर्म. इतकी पोर्टलं हाताखालून गेलीत की नवीन साइट उघडली की हिच्यावर माणसाचं काम होणार की नुसता ताप होणार, ते वासावरून कळतं. आज ज्या साइटबद्दल लिहितोय तिचा आपल्या तालुक्याशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियाची आहे. पण आपल्याकडची लेकरं आता तिकडं कम्युनिटी कॉलेजच्या वाटेनं जायला लागलीत आणि इथं आईबापांना एवढंच माहीत असतं की दोन वर्षं कमी पैशात काढायची आणि तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात शिरायचं. मधल्या भानगडीचा पत्ता नसतो.

माझा भाचा, अक्काचा थोरला, सॅन होजेच्या बाजूला अशाच एका कॉलेजात आहे. मेकॅनिकल करायचंय. दाजी कापसाच्या व्यापारातले, त्यांना फॉर्म दिसला की घाम फुटतो. म्हणून हे खातं माझ्याकडं आलं. इकडं सकाळी साडेआठला मी शटर वर करतो तेव्हा तिकडं आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. गिऱ्हाईक यायच्या आत आमचं बोलणं होतं.

आपल्याकडं डिप्लोमाच्या पोराचं कसं असतं? पॉलिटेक्निक झालं, एमएसबीटीईचा शेवटच्या वर्षाचा निकाल आला, की सीईटी सेलच्या कॅप राउंडला फॉर्म भरायचा, ऑप्शन टाकायचे, मार्कांवर नंबर लागला की थेट सेकंड इयर. पहिलं वर्ष सरसकट माफ. तुझं पॉलिटेक्निकचं गणित आमच्या कोणत्या पेपराच्या बरोबरीचं, असं कुणी विचारत नाही. त्याची फळं पुढं एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपराला दिसतात, पण तो विषय वेगळा. प्रवेशाच्या वेळी हिशोब गठ्ठ्यानं होतो. कॅलिफोर्नियात हिशोब सुट्टा होतो, एकेका कोर्सचा. तुझ्या कॉलेजचं कॅल्क्युलस आमच्या कॅल्क्युलसच्या जागी चालेल का, तुझं फिजिक्स चालेल का, हे प्रत्येक कॉलेज आणि प्रत्येक विद्यापीठ यांच्यात आधीच लेखी ठरलेलं असतं. हे सगळे लेखी करार एका जागी ठेवणारी साइट म्हणजे असिस्ट.

राज्यात ११५ च्या आसपास कम्युनिटी कॉलेजं. वरती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, तिचे पदवीचे नऊ कॅम्पस. शिवाय कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे वीसच्या वर. यांच्यातल्या कोणत्याही जोडीचा करार इथं बघता येतो आणि फुकट. स्टॅनफर्ड किंवा यूएससीसारखी खासगी विद्यापीठं इथं शोधू नका.

आता साइट कशी आहे. उघडल्यावर तीन रकाने: वर्ष, आपलं कॉलेज, जायचंय ते विद्यापीठ. मग मेजरप्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे करार निवडा. झालं. लॉगिन नाही, ओटीपी नाही, कॅप्चा नाही, "फोटो ५० केबीच्या आत" नाही, "साइट रात्री अकरानंतरच चालेल" असलंही काही नाही. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा पुढं कुठंतरी पैसे मागतील म्हणून वाट बघत बसलो. मागितले नाहीत. करार पीडीएफमध्ये उतरवून घेता येतो, दुकानात प्रिंटही साफ निघते. आपल्याकडं २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, तिचे आयडी मी रोज काढून देतो. पोरं परीक्षेच्या फॉर्मला लागतो म्हणून काढतात. क्रेडिट एका विद्यापीठातून दुसऱ्यात हलवायला माझ्या दुकानात अजून कुणी आलेलं नाही.

कराराचं पान वाचायला थोडं बसावं लागतं. डाव्या बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, उजव्या बाजूला त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजचा कोणता चालेल तो. कधी एकास एक. कधी डावीकडं दोन आणि उजवीकडं तीन, मध्ये "अँड" लिहिलेलं. याचं कारण साधं आहे. भाच्याचं कॉलेज क्वार्टरवर चालतं, वर्षात शिक्षणाच्या तीन टर्म, उन्हाळा वेगळा. बर्कली आणि मर्सेड हे यूसीचे कॅम्पस सेमिस्टरवर. तीन क्वार्टरचा अभ्यास दोन सेमिस्टरएवढा, त्यामुळं तिकडचे दोन कोर्स भरून काढायला इकडचे तीन लागतात, आणि तिन्ही पूर्ण झाल्याशिवाय एकाचंही श्रेय धरत नाहीत. दोनच करून तिसरा सोडला तर हातात नुसते युनिट (आपल्याकडच्या क्रेडिटसारखं माप) राहतात, गरज भागत नाही. काही ओळींवर उजवीकडं "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" असं येतं. अक्कानं ते वाचून फोन केला, "दादा, नापास झालाय का रे तो?" तसं काही नाही. त्या कोर्सच्या तोडीचा कोर्स तुमच्या कॉलेजात नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा तो विद्यापीठात गेल्यावर करायचा असतो.

लोक चुकतात ते पानाच्या डोक्यावर. तिथं बारीक अक्षरात परिच्छेदच्या परिच्छेद असतात आणि सगळे थेट खालच्या तक्त्यावर उड्या मारतात. कोणता कोर्स प्रवेशासाठी हवाच, कोणता झालेला असला तर बरा, किती ग्रेड पाहिजे, ते सगळं वर लिहिलेलं असतं. कॅम्पसागणिक वेगळं असतं. एकच मेकॅनिकल, पण या कॅम्पसला केमिस्ट्री इतकी हवी, त्या कॅम्पसला प्रोग्रॅमिंग याच भाषेचं हवं. भाच्यानं पाच कॅम्पस धरलेत, म्हणून पाच करार समोर ठेवून सगळ्यांत समान असलेले कोर्स आधी काढले. ही युक्ती फॉर्म भरताना मी पोरांना नेहमी सांगतो. आधी सगळीकडं लागणारी कागदपत्रं, मग एखाद्यालाच लागणारी.

आता पुण्याच्या एका कन्सल्टन्सीबद्दल. नाव घेत नाही. दाजींनी जायच्या आधी पैसे भरून तिथून दोन वर्षांचा प्लॅन करून घेतला होता. रंगीत, स्पायरल बाइंडिंग केलेला. सहा क्वार्टर, प्रत्येकी पंधरा युनिट, बेरीज बरोबर नव्वद. यूसीला ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात, हेही बरोबर. प्रत्येक कोर्सपुढं "ट्रान्सफरेबल" असा हिरवा टिक. पहिल्या वर्षात इंग्लिश, सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स, सिनेमाचं रसग्रहण, वक्तृत्व, आणि गणिताचा हळूहळू परिचय. दाजी म्हणाले, "बघा, पहिलं वर्ष हलकं ठेवलंय, लेकरू रुळेल."

असिस्टवर दोन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि कन्सल्टन्सीनं एकच बघितली होती. ट्रान्सफरेबल म्हणजे यूसी त्या कोर्सचे युनिट मोजेल. आर्टिक्युलेटेड म्हणजे तो कोर्स मेजरच्या ठरावीक गरजेच्या जागी बसेल. सिनेमाच्या कोर्सचे युनिट मोजतील, पण मेकॅनिकलवाल्याला त्याचा उपयोग काय? त्या प्लॅनमध्ये नव्वद युनिट भरत होते आणि इंजिनिअरिंगच्या डिपार्टमेंटला जे हवं ते अर्धंच होत होतं. फिजिक्स दुसऱ्या वर्षी सुरू केलेलं, म्हणजे मालिका पूर्ण व्हायच्या आत अर्ज आणि मुदत दोन्ही गेलेले. हे कळायला मला एक दुपार लागली, तीही मध्ये दोन-चार उत्पन्नाचे दाखले काढून देत. दाजी आता त्या बाइंडिंगचा विषय काढला की पेपर वाचायला घेतात.

म्हणजे साइट चांगली, वाद नाही. पण इथून पुढं तिची मर्यादा सुरू होते आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. असिस्ट तुम्हाला कोर्सांची यादी देतं. क्रम देत नाही. कोणत्या कोर्साच्या आधी कोणता व्हायलाच पाहिजे, हे त्या करारात नसतं. ते तुमच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये, प्रत्येक कोर्साच्या खाली "प्रीरिक्विझिट" म्हणून असतं. सोयाबीन निघाल्याशिवाय त्या रानात हरभरा पेरता येत नाही, तसं हे. यादीतले सगळे कोर्स तुम्हाला माहीत असले तरी कोणता कधी, हे चुकलं की वर्ष गेलं.

भाच्याचं उदाहरण घ्या. त्याच्या कॉलेजात कॅल्क्युलस चार क्वार्टरचं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं नाही, दुसऱ्याशिवाय तिसरं नाही. चौथ्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जिब्रा. क्वार्टरला एक धरलं तर गणिताचेच सहा कोर्स, आणि हातात क्वार्टर सहा. पहिल्या क्वार्टरला पहिलं कॅल्क्युलस मिळालं तरच साखळी वेळेत संपते. प्रीकॅल्क्युलसपासून सुरू करायला लावलं तर सात होतात, मग एक उन्हाळा द्यायचा किंवा शेवटचे दोन एकाच क्वार्टरला उरकायचे. फिजिक्स कॅल्क्युलसवर उभं, म्हणून ते दुसऱ्या क्वार्टरपासून, तेही तीन-चार भागांचं. स्टॅटिक्स फिजिक्सच्या पहिल्या भागानंतर. सरळ बघितलं तर सगळं सुटसुटीत वाटतं. उलट्या बाजूनं, शेवटच्या क्वार्टरपासून मागं येत मांडलं की कळतं कुठं एक बोटभरसुद्धा जागा नाही. मी मागच्या कोऱ्या कागदावर सहा उभे रकाने पाडले, शेवटच्या रकान्यात जे व्हायलाच पाहिजे ते लिहिलं आणि मागं मागं येत गेलो. इंग्लिश आणि बाकीचे विषय शेवटी, उरलेल्या जागेत. कन्सल्टन्सीनं बरोबर याच्या उलटं केलं होतं.

बारावीला आपल्या बोर्डात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशनची ओळख सगळं होतं. भाचा लातूरला बारावी झालेला, गणितात बरा. पण त्या मार्कांवर थेट कॅल्क्युलसला बसता येतं का, हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. मार्कशीट दाखवून प्रीरिक्विझिट माफ करून घ्यायची पद्धत असते, तिचा अर्ज असतो, त्याला वेळ लागतो. इथून जाणाऱ्यांनी बोर्डाच्या मार्कशीटबरोबर गणिताचा सिलॅबस छापून न्यावा. हे काम जायच्या आधी, उदगीरात, लातुरात, नांदेडात बसून सुरू करता येतं. तिकडं उतरल्यावर पहिल्या आठवड्यात घाई करू नये.

दुसरी गोष्ट रजिस्ट्रेशनची. नव्या पोराचा नंबर उशिरा लागतो, जुन्यांचा आधी. कॅल्क्युलसचा वर्ग भरला की वेटिंग लिस्ट. आरक्षणाच्या तिकिटाची वेटिंग क्लिअर होते का बघत बसणारे आपण, आपल्याला हे नवं नाही. पण इथं वेटिंग राहिली तर एक कोर्स हुकत नाही, पुढची सगळी रांग एक क्वार्टर मागं सरकते. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला टर्मला किमान १२ युनिट भरावेच लागतात आणि त्या पूर्णवेळच्या हिशोबात ऑनलाइन वर्ग एकच धरतात. मग कॅल्क्युलसला जागा नाही मिळाली म्हणून तीन ऑनलाइन वर्ग उचलले, असंही करता येत नाही. असिस्टवर यातलं काही दिसत नाही. दिसायची अपेक्षाही नाही, पण आईबापांना वाटतं साइटवर कोर्स आहे म्हणजे तो मिळणारच.

उन्हाळ्याच्या वर्गाबद्दल एक इशारा. शेजारच्या दुसऱ्या कॉलेजात जागा आहे म्हणून कॅल्क्युलसचा मधला एक भाग तिथं केला, आणि ते कॉलेज सेमिस्टरवालं निघालं, तर तुमची मालिका तुटू शकते. करार एका कॉलेजच्या पूर्ण मालिकेवर केलेला असतो, अर्धी इथली अर्धी तिथली अशा खिचडीवर नाही. मालिका एका जागी सुरू केली तर तिथंच संपवावी. सायकॉलॉजीसारखा सुटा कोर्स बाहेर केला तर चालून जातं.

बाकीचे आकडे पटकन सांगतो, कारण हे कुठंही मिळतात. यूसीला कॅलिफोर्नियातल्या रहिवासी पोराला जीपीए २.४ किमान, बाहेरच्याला २.८. आपली पोरं बाहेरची. मेकॅनिकलसारख्या विषयाला खरी स्पर्धा याच्या पुष्कळ वर असते. सात कोर्सांचा एक किमान साचा आहे: दोन इंग्लिशचे, एक गणिताचा, चार इतर विषयांचे, त्यातले काही फिजिक्स-केमिस्ट्रीतूनच निघतात. सगळे सी किंवा वरच्या ग्रेडनं, ज्या सप्टेंबरात जायचं त्याच्या आधीच्या स्प्रिंग टर्मपर्यंत संपलेले हवेत. अर्ज मात्र त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. टॅग नावाची हमी-प्रवेशाची सोय सहा कॅम्पसला आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. तिचा अर्ज सप्टेंबरात आणि एकाच कॅम्पसला करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला टॅग नाही. जिथं आहे तिथंही सगळ्या मेजरना नाही, त्यामुळं आपला विषय बघूनच नाचावं.

जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मेजरबाहेरच्या सर्वसाधारण विषयांचा, एक संपूर्ण गठ्ठा असतो, कॅल-गेटसी (Cal-GETC) म्हणतात, २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे सप्टेंबरच्या टर्मपासून, सुरू होणाऱ्यांना तोच. इंजिनिअरिंगवाल्यानं त्याच्या मागं लागून मेजरचे कोर्स लांबवू नयेत. कन्सल्टन्सीचा घोळ इथूनच सुरू झाला असावा, असा माझा अंदाज.

साइटबद्दल तक्रारी आहेतच. मोबाइलवर करार उघडला तर डावं-उजवं एकाखाली एक जातं आणि कोणता कोर्स कुणाच्या बदल्यात ते हरवतं. कॉम्प्युटरवरच बघा, नाहीतर पीडीएफ घ्या. डोक्यावरची सूचना वकिलानं लिहिल्यासारखी. करार दरवर्षी बदलू शकतो, म्हणून वर्षाचा रकाना नीट बघा आणि त्या वर्षाची पीडीएफ जपून ठेवा. २०२५ च्या फॉलपासून राज्यभर कोर्सांचे नंबर एकसारखे करायला सुरुवात झालीय. पहिल्या इंग्लिशला आता सगळीकडं इंग्लिश सी-१००० म्हणतात. त्यामुळं आधीच्या वर्षी गेलेल्या कुणा मित्राचा प्लॅन व्हॉट्सॲपवर आला तर त्यातली नावं तुमच्या कॅटलॉगशी जुळणार नाहीत. मित्राचा प्लॅन तसाही उचलू नये, कॉलेज वेगळं तर करार वेगळा.

पाचपैकी चार देतो. एक स्टार क्रमासाठी कापला. साइटनं प्रत्येक कोर्सावर त्याचा प्रीरिक्विझिट नुसता दाखवला असता, तरी कितीतरी घरांचे कन्सल्टन्सीचे पैसे वाचले असते. तोपर्यंत कॉलेजचा काउन्सेलर. तो फुकट असतो, हेही इथं कुणाला पटत नाही. भाचा लाजत होता. "मामा, तिथं जाऊन काय विचारू?" मी म्हटलं, रिकाम्या हातानं जाऊ नको. पाच करार, सहा रकान्यांचा कागद, बारावीची मार्कशीट घेऊन जा, आणि माझा प्लॅन काय असावा असं विचारू नको, यात कोणता कोर्स चुकीच्या जागी आहे ते विचार. काउन्सेलरनं कागद बघून दोनच गोष्टी हलवल्या. केमिस्ट्री एक क्वार्टर अलीकडं आणली, कारण त्याच्या कॉलेजात तिचा पुढचा भाग प्रत्येक क्वार्टरला भरत नाही. दुसऱ्या वर्षी अर्जाच्या क्वार्टरला प्रोग्रॅमिंग आणि फिजिक्स एकत्र होतं, ते सुटं केलं.

उन्हाळ्याचं अजून ठरलेलं नाही. अक्काला तो मे-जूनमध्ये घरी यायला हवाय, तिकिटाचे दर ती रोज मला विचारते. भाचा म्हणतो उन्हाळ्यात लिनियर अल्जिब्रा काढला तर शेवटच्या क्वार्टरला श्वास घेता येईल. त्याच्या कॉलेजचं समर शेड्यूल लागलं की त्यात तो कोर्स आहे का ते आधी बघू, तिकीट मग काढू.